जाळीवरची पिशवी

लहानपणी तिला काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं असायचं, "दादाला विचारून सांगते." पहिलीच्या वर्गात मी फळ्यावर दोन फुलं आणि तीन फुलं काढली आणि सगळी मिळून किती, असं विचारलं. ही उभी राहिली आणि दाराकडे बघायला लागली. दादा व्हरांड्यापलीकडच्या चौथीच्या वर्गात होता. "अगं, फुलं इथे आहेत, दादा कशाला हवा?" म्हटलं, तर म्हणाली, "त्याला बरोबर माहीत असतं." सगळा वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

वडील गेल्यावर दादाच तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत आणायचा. दांडी टोचू नये म्हणून त्यावर जुना टॉवेल गुंडाळलेला असे. मुलगा हुशार होता, अक्षर मोत्यासारखं. त्याच्या वहीत खाडाखोड कधी दिसली नाही. त्याचं कारण मला वर्षाच्या शेवटी कळायचं. इतर मुलांच्या वह्या फुगलेल्या असत आणि याची बारीक झालेली असे. चुकलेलं पान तो मुळापासून फाडून टाकायचा.

आता ती चाळिशी ओलांडलेली बाई आहे आणि गाडी चालवते. तिला सगळे गारगाडीवाली म्हणतात. हे नाव आम्ही म्हाताऱ्यांनीच ठेवलं. मोठ्या दवाखान्यात फुप्फुसांच्या व्यायामाचं केंद्र आहे, तिथे आमच्यासारख्यांना आठवड्यातून दोनदा नेण्या-आणण्याची फेरी तिच्याकडे होती. माझ्या छातीत आयुष्यभराची खडूची धूळ. बाकीच्यांची धूळ ज्याच्या त्याच्या धंद्याची. रस्त्यावर काच खाली केली की खोकल्याची साथ सुरू होते, एकाला लागला की चौघांना. म्हणून बंद काचा आणि आतला गार वारा ही आमची चैन नव्हती, गरज होती.

गाडी दादानेच शोधून दिलेली. वापरलेली, पण चांगली. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. सिग्नलला उभी राहिली की इंजिन गप्प होतं आणि तरी एसी चालूच राहतो, कारण तो बॅटरीवर फिरतो. पहिल्यांदा बसले तेव्हा मला वाटलं गाडी बंद पडली. ती म्हणाली, "बाई, घाबरू नका, ती विचार करतेय." ती विशेषतः गाडीविषयी बोलताना खुलायची. बॅटरी मागच्या सीटखाली असते, ती तापू नये म्हणून सीटच्या कडेला, पायांपाशी, एक छोटी जाळी असते आणि गाडी तिथून श्वास घेते, हे तिनेच आम्हाला दाखवलं. ते ऐकून ट्रंपेटकाका म्हणाले, "म्हणजे हिलाही आमच्यासारखंच. व्यायामाला नेतेस का?"

ट्रंपेटकाका बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. अंगाने काडीपैलवान, पण जिभेत अजून दम होता. "मी इतकं फुंकलं, इतकं फुंकलं, की माझ्या वाट्याचा वारा आधीच संपला. आता उसना घेऊन फिरतोय." उसना वारा म्हणजे प्राणवायूचं एक छोटं यंत्र. ते कापडी पिशवीत असे आणि त्याची नळी काकांच्या नाकापाशी. काका नेहमी मागे, दाराकडच्या जागेवर बसत आणि पिशवी सीटच्या पायथ्याशी टेकवून ठेवत.

दवाखान्याच्या रस्त्यावरच दादाचं गॅरेज. तिथून जाताना ती दोनदा हॉर्न वाजवायची, पीं पीं. आतून हात वर यायचा. कधी नुसता काळा हात, बाकीचा दादा गाडीखाली.

एसीने त्रास द्यायला सुरुवात केली ती उन्हाळ्यात. निघताना गाडी छान गार असायची. पुलावर चढलो की वारा कोमट, मग गरम. समोर इशाऱ्याचा पिवळा त्रिकोण पेटायचा. ती गाडी कडेला घेऊन बंद करायची, थोडं थांबून पुन्हा सुरू करायची, की कधी सगळं ठीक, कधी नाही. पुढचे चार दिवस काहीच नाही. आणि पुन्हा एके दिवशी, नेमकं गर्दीत, गाडीची भट्टी. दुखणं सतत असलं तर वैद्य पकडतो. हे लहरी दुखणं होतं.

ती स्वतःही गप्प बसणारी नव्हती. हवेचा फिल्टर काढून झटकला, मग नवा बसवला. बॅटरीची जाळी ब्रशने साफ केली. समोरच्या जाळीत अडकलेली पानं चिमट्याने वेचली. कोणत्या दिवशी बिघडते याचा माग काढला. ऊन जास्त असलं की? नाही. गाडी भरली की? नाही. हवा दमट असली की जरा जास्त, असं तिच्या लक्षात आलं होतं. तिने दादाला तसं सांगितलंही.

"दमट हवेने एसी बिघडतो? मग पावसाळ्यात गाड्या घरी झोपवून ठेवायच्या का?" दादा हसला.

दर रविवारी ती गाडी त्याच्याकडे न्यायची. तो एक छोटं यंत्र गाडीला जोडायचा, बटणं दाबायचा. त्रिकोण विझायचा, एसी सुरू व्हायचा. "झालं," म्हणायचा. ती चहा करायची, त्याच्या फळ्या आवरायची, तेलाचे कॅन भरून ठेवायची. मग सोमवारी आम्हाला सांगायची, "दादाने केलंय नीट. आता बघाच."

आम्ही बघायचो. पुलापर्यंत.

एका रविवारी तिने फारच लावून धरलं, तेव्हा दादाने कारण सांगितलं. मागची सीट, ती जाळी. "तुझे पेशंट ऐन नाकावर पिशव्या ठेवतात. गाडीनं श्वास घ्यायचा कुठून? बॅटरी तापते, मग ती आधी एसी बंद करते. साधी गोष्ट आहे. कोण बसतं त्या कोपऱ्यात?"

कोण बसतं ते तिला माहीत होतं.

पुढच्या फेरीला तिने मागे वळून सांगितलं, "काका, पिशवी मांडीवर घ्याल का? दादा म्हणाला, तिच्यामुळे गाडी बिघडते." ती हळूच बोलली, पण गाडीत हळू बोललेलं सगळ्यांनाच ऐकू येतं. काकांनी पिशवी मांडीवर घेतली. यंत्राचं वजन काही कमी नव्हतं. "अरेच्चा," ते म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी हिचा वारा अडवत होतो. वाजवायचो तेव्हाही शेजारचा हेच म्हणायचा." आम्ही हसलो.

नंतरच्या आठवड्यात एसी पुन्हा गेला. पिशवी काकांच्या मांडीवरच होती, दोन्ही हातांनी धरलेली. तरी काकांनी वाकून जाळीकडे पाहिलं, आपलं धोतराचं टोक, चप्पल, काही आड येतंय का म्हणून. त्याच वेळी तिने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी ते पाहणं पाहिलं.

त्यानंतर काका आले नाहीत. त्यांच्या सुनेने दारातच सांगितलं, "ते बसने जातो म्हणालेत. गाडीला माझा श्वास लागतो, म्हणतात." बसचा थांबा त्यांच्या घरापासून लांब, आणि वाटेत चढ. काकांच्या फुप्फुसांना तो रस्ता म्हणजे गड चढण्यासारखा. गारगाडीवाली गाडीपाशी परत आली आणि किल्ली हातात धरून नुसतीच उभी राहिली. मग म्हणाली, "दादा म्हणाला म्हणून सांगितलं हो मी, बाई. माझ्या मनात काही नव्हतं."

केंद्रातल्या टेबलामागच्या बाईंनीही तिला बाजूला घेतलं होतं. तापलेल्या गाडीत एका आजींना घेरी आली होती. पुन्हा असं झालं तर फेरी दुसऱ्या गाडीला द्यावी लागेल, त्यांचाही नाइलाज होता. फेरी गेली तर तिचं नियमित काम गेलं, घर त्यावर चाललेलं. पण मला वाटतं, तिला त्याहून जास्त लागलं असतं ते नाव जाण्याचं. गारगाडीवाली हे नाव घेऊन गरम गाडी कोण चालवणार?

आणि त्याच वेळी दादा एका गाडीचं इंजिन आणायला परगावी गेला. ती फोनवर बोलत होती तेव्हा मी शेजारी बसले होते.

"दादा, रविवारपर्यंत नाही रे थांबता येणार. परवा फेरी आहे."

"मी आल्यावर बघतो ना. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस. लुटतील."

"पण..."

"माझ्यावर भरवसा नाही का?"

फोन ठेवून ती स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसली. मग म्हणाली, "बाई, मी पहिल्यांदाच त्याला न विचारता काहीतरी करणार आहे. तुम्ही येता का बरोबर?" शाळेच्या दाखल्यासाठी पालक लागतो, तशी मी गेले.

एसीचंच काम करणारा एक कारागीर होता, दुसऱ्या टोकाच्या बाजाररस्त्यावर. त्याला सगळे थंडोबा म्हणत. धंद्यामुळे म्हणत असतील असं मला वाटलं होतं, पण माणूस स्वभावानेही तसाच निघाला. तिने सगळी कहाणी घाईघाईने सांगितली. तो शेंगदाणे सोलत ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "कंप्रेसरची लाइन कोणी उघडली होती का? गॅस, तेल, काही भरलंय?"

"नाही. माझ्या दादाशिवाय गाडीला कोणी हात लावत नाही. आणि त्याने एसीच्या पाइपला हातच लावलेला नाही. त्यानेच सांगितलंय."

"हं," थंडोबा म्हणाला. त्याने आपलं यंत्र जोडलं. दादाच्या यंत्रासारखंच, जरा मोठं. बराच वेळ बघत राहिला. "काहीच नाही. पाटी कोरी आहे."

"म्हणजे बिघाड नाही?"

"म्हणजे कोणीतरी पुसलीय. गाडी बिघडली की स्वतः लिहून ठेवते काय दुखतंय ते. इथे लिहिलेलं पुसलंय, नुकतंच. चला, पुन्हा लिहू दे तिला."

यंत्र जोडलेलंच ठेवून आम्ही निघालो. थंडोबा तिच्या शेजारी, मी मागे, काकांच्या जागी. तिने मला दोनदा विचारलं की जाळीपाशी काही नाही ना. माझी पर्स मी छातीशी धरली होती. मी स्वतःही काकांसारखीच खाली वाकून बघत होते, हे मला नंतर जाणवलं. हवा दमट होती. पूल आला, वारा कोमट झाला, त्रिकोण पेटला.

थंडोबाने पडद्याकडे बघितलं. "बॅटरी गार आहे, ताई. तिचा श्वास अगदी मोकळा आहे. तिला काही झालेलं नाही. वीज गळतेय. कंप्रेसरमधून, गाडीच्या अंगावर. गाडीला कळतं, म्हणून ती एसी बंद करते. शहाणी आहे."

परत आल्यावर त्याने जाड रबरी मोजे घातले, मागून एक नारिंगी खटका काढून बाजूला ठेवला आणि मोठ्या बॅटरीची वीज शांत व्हायला थांबला. तोवर समजावून सांगितलं. साध्या गाडीत कंप्रेसर पट्ट्यावर फिरतो. या गाडीत त्याच्या पोटातच विजेची मोटर असते, आणि ती तेलात भिजलेली असते. म्हणून तेल असं लागतं की ज्यातून वीज जाणार नाही. साध्या गाडीचं तेल यात थोडं जरी गेलं, तरी ते ओल धरतं आणि वीज हळूहळू गळायला लागते. कधी गळते, कधी नाही. हवा दमट असेल तेव्हा जास्त.

"मी सांगितलं होतं दादाला," ती पुटपुटली. "दमट हवा."

थंडोबाने गॅस भरायच्या तोंडाचं टोपण काढलं, गाळ्याचं दार लोटून अंधार केला आणि एक निळा दिवा लावला. टोपणाच्या आतल्या कडेला चटकन हिरवं चमकलं. काजव्यासारखं.

"रंग आहे तेलात," तो म्हणाला. "गळती शोधायला काही लोक घालतात. आमच्याकडे या गाड्यांत नाही घालत. कोणाची तरी खास सवय दिसते."

मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की तिला कळलंय. रविवारी चहा झाल्यावर दादाचा एसीच्या तेलाचा कॅन ती भरायची ना, तेव्हा छोट्या बाटलीतले हिरव्या रंगाचे थेंब त्यात तीच टाकायची. दादाला या युक्तीचा अभिमान होता. गिऱ्हाईक परत आलं की निळा दिवा लावायचा, आणि कुठून गळतंय ते एका क्षणात दिसतं. सगळ्या रस्त्यात फक्त त्याच्याच कॅनला तो रंग असे. तिनेच मला एकदा कौतुकाने सांगितलं होतं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," थंडोबा दार उघडत म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, कळसा कोणाच्या काखेत होता ते.

दादा परतल्याच्या सकाळी ती गॅरेजवर गेली. मला वाटेत दवाखान्यात सोडायचं होतं, म्हणून मी गाडीत होते. हॉर्न वाजला नाही. "बाई, तुम्ही बसा," म्हणाली आणि उतरली. एसी बंद, काच खाली, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. दादा गाडीखाली होता. नुसते पाय बाहेर. ती त्या पायांशीच बोलली.

"दादा, तू माझ्या गाडीच्या एसीत तेल भरलं होतंस?"

"कोण म्हणतं?"

"तेलच म्हणतं. हिरवं आहे."

पाय हलायचे थांबले. मग तो फळीवरून सरकत बाहेर आला. उठून बसला, उभा राहिला नाही. हात पुसत राहिला.

"कुठे नेली होतीस गाडी? तुला सांगितलं होतं ना मी..."

"हो. आता कळलं का सांगितलं होतंस ते."

त्याने फडकं फळीवर टाकलं. मग तो बोलायला लागला. गाडी तिला द्यायच्या आदल्या दिवशी गारवा कमी वाटला. तिच्या पहिल्या दिवशी गाडी बर्फासारखी असावी म्हणून त्याने गॅस भरला, थोडं तेल सोडलं. नेहमीच्या कॅनमधलं. हात सवयीने गेला. "पहिल्यांदा त्रिकोण पेटला, यंत्र जोडलं, तेव्हाच कळलं मला. पण कंप्रेसर बदलायचा, सगळे पाइप धुवायचे... म्हटलं थोडे दिवस ढकलू, मग सांगू. मग एक रविवार गेला, दुसरा गेला. तू दर वेळी चहा घेऊन उभी. 'दादाने केलंय नीट.' कसं सांगणार होतो?"

"तोंडाने," ती म्हणाली.

"मी मुद्दाम नाही केलं गं."

"तेल चुकलं त्याचं काही नाही, दादा. माझ्याकडूनही चुकलं असतं. कॅन मीच भरते ना." तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं, असं मला वाटत होतं. "पण काकांच्या पिशवीचं नाव का घेतलंस? मला खोटं सांगायचं तर मला सांगायचंस. ते माझ्या तोंडून त्यांना सांगायला लावलंस. म्हातारा माणूस बसच्या चढावर धापा टाकतोय, आणि त्याला वाटतंय की त्याच्या श्वासानं गाडी बिघडते."

दादा म्हणाला, "तो एक विषय निघाला म्हणून... तू इतकं विचारत होतीस."

"मी विचारत होते." ती एवढंच म्हणाली. जन्मभर विचारतच आली होती.

मग म्हणाली, "काकांकडे चल माझ्याबरोबर. तू सांग त्यांना. मी सांगून ते आता मानायचे नाहीत. ते म्हणतील, पोरगी माझं मन राखतेय."

"आत्ता? कामं पडलीत... जाईन मी. एक-दोन दिवसांत जातो."

तिने मान हलवली. गाडीत येऊन बसली, पट्टा लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुम्ही आम्हा दोघांना शिकवलंत. हा लहानपणी असा होता का?"

मला ती बारीक झालेली वही आठवली. पण मोत्यासारखं अक्षरही आठवलं आणि सायकलच्या दांडीवरचा टॉवेलही. तिन्ही एकाच मुलाचं होतं. "चुकलं म्हणायला त्याला फार जड जायचं," मी म्हटलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्याच दिवशी तिने केंद्रात टेबलामागच्या बाईंना खरं ते सांगितलं. गाडी दुरुस्त होईपर्यंत फेरी करणार नाही, कोणाला घेरी आणायची नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि तेवढ्यापुरती दुसरी गाडी लावली. फेरी परत मिळेल का, याचा शब्द दिला नाही. सांगताना तिने भावाचं नाव घेतलं नाही. "तेल चुकीचं पडलं होतं," एवढंच.

दोन-तीन दिवसांनी तिच्या दारात एक मोठं खोकं आलं. आत नवा कोरा कंप्रेसर आणि योग्य तेलाची सीलबंद बाटली. टेम्पोवाल्याने उतरवून ठेवलं. खोकं आलं, माणूस आला नाही. ती त्या खोक्याभोवती दिवसभर फिरत होती, जसं काही घरात पाहुणा येऊन बसलाय. शेवटी ते डिकीत घालून थंडोबाकडे घेऊन गेली. वस्तू परत पाठवण्याइतका तिचा राग मोठा नव्हता, आणि दादाच्या हातून ती बसवून घेण्याइतका लहानही नव्हता. थंडोबाने जुना कंप्रेसर काढला, पाइप बदलले, धुण्यासारखं होतं ते धुतलं. निळा दिवा लावून तिला दाखवलं. कुठेही हिरवं नव्हतं.

फेरी परत मिळाली. दुसऱ्या गाडीवाल्याला सकाळची वेळ जमेना, हे त्यातलं निम्मं कारण. दमट हवा आली, पूल आला, गेला. एसी गार तो गारच.

काकांकडे ती स्वतः गेली. मीही गेले. तिने सगळं सांगितलं, तेल, दिवा, भाऊ, काहीही न लपवता. काका ऐकत होते. मध्येच नळी नीट करत होते. मग म्हणाले, "अगं, एवढं कशाला? माझ्यावर याहून मोठे आळ आलेत. बँडमास्तर तर म्हणायचा, पाऊस माझ्यामुळेच पडतो." आणि आमच्याबरोबर यायला तयार झाले. "तुझा भाऊ येणार होता म्हणालीस?" त्यांनी चपला घालता घालता विचारलं. ती म्हणाली, "हो, येईन म्हणालाय." काकांनी पुढे विचारलं नाही.

आता गॅरेजच्या आधीच्या चौकात ती उजवीकडे वळते. तो रस्ता लांबचा आहे, आणि खड्ड्यांचा. पहिल्या वेळी एक आजी म्हणाल्या, "अगं, सरळ का नाही गेलीस?" ती म्हणाली, "तिकडे काम चालू आहे." आम्ही सगळ्यांनी ते खरं मानून घेतलं.

काका पुन्हा त्यांच्या जागेवर बसतात. आत गारवा असतो, काचा बंद. तिने मागे न बघता म्हटलं, "काका, पिशवी खाली ठेवा की. जाळीला काही होत नाही, थंडोबाने दाखवलंय."

"हो, हो," काका म्हणाले. पिशवी मांडीवरच राहिली.

थोडं पुढे गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "ठेवा ना हो. जड आहे ती."

"असू दे गं. सवय झालीय आता."

तिने आरशात पाहिलं. काकांनी पिशवीचे बंद बोटांत घट्ट धरले होते आणि पाय जाळीपासून दूर ओढून घेतले होते. ती नजर तिने लगेच रस्त्यावर वळवली.